पेटीच्या आतल्या तारखा

"तारबाबू, आधी पेटीला जागा द्या, मग मला पाणी द्या," नारायणबुवा शेवाळे उंबऱ्यातूनच म्हणाले.

जीपमधून उतरवलेलं गाठोडं त्यांनी ड्रायव्हरच्या हाती दिलं नव्हतं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे वाजतायत, धाप लागलीय, पण गोधडीत बांधलेली पेटी छातीशी धरून फाटकापासून ओटीपर्यंत स्वतः चालत आला. मी पुढे होऊन हात लावायला गेलो तर मलाही कोपरानं बाजूला सारलं. सतरंजीवर पेटी टेकवली, गोधडीच्या गाठी सोडल्या आणि मगच भिंतीला पाठ लावून बसले.

ही पेटी मी ऐकून होतो, पाहिली नव्हती. बुवा ऐन तरुणपणी एका नाटक कंपनीत साथीला होते. कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं ही पेटी त्यांच्या ओटीत घातली. आतल्या रीडा पॅरिसच्या. रीड म्हणजे पट्टीखाली बसवलेली पितळेची चिमुकली जीभ. भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. असल्या जुन्या रीडा आता जगात कुठे बनत नाहीत. एखादी तुटली तर दुसरी आणून बसवता येते, पण मग ती सुनेसारखी न राहता पाहुणीसारखी राहते. सगळ्यांत वेगळी ऐकू येते.

"वरचं सूर जरा ढिलं झाल्यात," बुवा म्हणाले. "एकवीस तारखेला गावात सप्ता बसतोय. यंदा म्या शेवटचा बसणार पेटीवर. डॉक्टर म्हणतोय, बुवा, आता पुरं करा. म्हणलं, एवढा एक सप्ता हिच्यासंगं बसतो, मग तिलाबी इस्रांती आन मलाबी. ईस तारखेला न्यायला येतो. जमंल न्हवं?"

"बुवा, हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली कुमुद, माझी बायको, दारातच थांबली होती. ती म्हणाली, "बुवा, सांगलीला नाही का नेली? तिकडे आता चांगले कारागीर आहेत म्हणतात."

"सांगलीला कशाला, वयनी? तारबाबूचा कान म्हंजी कान. आमच्या पंचक्रोशीत कुणालाबी इचारा."

माझी छाती दोन इंच वर आली असणार. बुवा चहा पिऊन गेले. जाताना पेटीच्या झाकणावर हात ठेवून दोन मिनिटं नुसते उभे राहिले.

ते गेल्यावर कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काम घेऊ नका."

"का?"

"जुनी वस्तू आहे. म्हाताऱ्याचा जीव आहे तिच्यात. काही झालं तर?"

"चाळीस वर्षांत माझ्या हातून काय झालंय?"

ती कपबशा विसळत राहिली. मलाही उत्तर नकोच होतं.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती आणि कऱ्हाडात मला माझ्या भालचंद्र काटकर या नावानं फार थोडी माणसं ओळखत. सगळे तारबाबू म्हणत. ते नाव तारखात्यातल्या नोकरीचं, पण माझी पहिली नोकरी ती नव्हे. सतराव्या वर्षी मी तंबूतल्या फिरत्या सिनेमात मशीन चालवायचो. मशीनच्या टकटकीत जरा फरक पडला की मला कळायचं, आता फिल्म तुटणार. मालक म्हणायचा, पोराच्या डोक्याला चार कान आहेत. मग तार ऑफिस. तिथं कट्ट-कड-कट्ट आवाजातून अक्षरं उचलायची. एका हातानं डबा खात दुसऱ्या हातानं मी तार उतरवून घेत असे. तालुक्यातली बारशी आणि मयतं त्या त्या घराच्या आधी मला ठाऊक. पुढे घर वाढलं, पगार पुरेना, तेव्हा साखर कारखान्यात शिरलो. ऊस चिरडणाऱ्या रोलरांच्या आणि टर्बाइनच्या शेजारी एकोणीस वर्षं काढली. तिथं माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, खुणांनी बोलायचं. पण त्या गदारोळातही कुठलं बेअरिंग तापतंय ते मी डोळे मिटून सांगायचो. इंजिनियर लोक आधी हसायचे आणि मग हात लावून चटका घ्यायचे.

थोडक्यात, देवानं मला रूप दिलं नाही, उंची दिली नाही, कान दिले आणि त्या कानांवर मी संसार केला. छंद म्हणाल तर तेही बहुतेक कानाचेच. अंगणात गुलाबाची बावीस झाडं होती आणि शब्दकोडी होती, एवढे दोन सोडा. बाकी पेट्या दुरुस्त करणं आणि पाखरांचे आवाज ओळखणं. पानाआडचा पक्षी मी न बघता सांगत असे. त्या वर्षी तर मी वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं. आमच्या भागातून शिंजीर नाहीसा झाला, त्याची ती बारीक चिवचिव आता कानी पडत नाही, नगरपालिकेनं झाडं तोडणं थांबवावं, वगैरे. पत्र छापून आलं. मी कात्रण कापून ठेवलं. कुमुदनं ते वाचलं आणि काही न बोलता घडी करून परत दिलं. मला वाटलं, हिला कौतुकच नाही.

पेटी लावायचं काम एकट्याचं नाही. एकानं भाता मारायचा, पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं ऐकायचं आणि घासायचं. भात्यावर तीस वर्षं कुमुदच होती. कीर्तनकाराची मुलगी, तालासुरात वाढलेली. पण आमच्या घरात सुरावर बोलायचा हक्क माझा, भाता तिचा, अशी वाटणी होऊन गेली होती. कधी झाली ते आठवत नाही. मीच केली असणार.

घासणं म्हणजे काय ते सांगतो. पितळी जीभ टोकाशी बारीक कानशीनं घासली की ती हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी घासली की ती सैल पडते आणि सूर उतरतो. एवढीच विद्या. पण घासलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळे शहाणा माणूस एक केस घासतो, दहा वेळा ऐकतो आणि मग दुसरा केस घासतो.

आणि आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेटी ज्यानं उघडली त्यानं आतल्या लाकडावर शिसपेन्सिलीनं नाव नाहीतर निदान तारीख लिहायची. पुढच्या माणसाला कळावं, आपल्या आधी कुणाचा हात लागलाय. बुवांची पेटी उघडली तर आत एकच नाव होतं, कुणा रहिमानभाईचं, आणि साल एकोणीसशे अठ्ठावन्न. म्हणजे पंचेचाळीस वर्षं तिला परका हात लागलाच नव्हता. मला भरून आलं. चौदा ऑगस्टला सकाळी कुमुदला भात्यावर बसवून मी वरच्या सप्तकातल्या सहा रीडा लावल्या. सहाही उतरलेल्या होत्या. बुवा ढिल्या म्हणाले होते त्याहून बऱ्याच जास्त. टोकाशी जपून घासून त्या वर आणल्या आणि रहिमानभाईंच्या नावाखाली लिहिलं, भा. वि. काटकर, १४-८.

"काय लागलीय बघ," मी कुमुदला म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

"नुसतं हं काय?"

"लागलीय."

एरवी पेटी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन जातं आणि विषय संपतो. ही मात्र आठ दिवस माझ्याकडे राहणार होती आणि मला तिचा मोह सुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ आटोपून मी पुन्हा पेटीवर बसलो. खालचा षड्ज धरला, वरचा दाबला आणि चरकलो. वरचा उतरला होता. पंचम पाहिला, तोही उतरलेला. सहाच्या सहा.

"कुमुद! हे बघ काय झालं."

ती पोळ्या सोडून आली. हाताला कणीक तशीच.

"काल नीट लावले होते ना? तूच होतीस भात्याला. रात्रीत उतरले."

"दमट हवा आहे," ती म्हणाली.

"पितळ दमट हवेनं एवढं उतरत नाही."

"मग राहू द्या आजच्या दिवस. उद्या आपोआप येतील जागेवर."

"सूर काय फिरायला गेलेत, आपोआप यायला?" मी म्हणालो. "बस भात्यावर."

पुन्हा सहाही रीडा टोकाशी घासून वर आणल्या. दुपारी जेवलो. एक ते तीन झोपायची माझी कारखान्यापासूनची सवय, पाळीवरून आलेल्या माणसासारखा मी मेल्यागत झोपतो. संध्याकाळी पेटीवर दोन बल्ब सोडले, दमट हवा असेल तर सुकावी म्हणून. गोधडी गुंडाळली, वर माझी शाल घातली. कुमुद म्हणाली, "तिला आता दूध-हळद तेवढं द्या." एरवी मी हसलो असतो.

सोळाला सकाळी पुन्हा उतरलेले. सतराला पुन्हा. अठराला पुन्हा. मी चिडलो, मग घाबरलो. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पॅरिसच्या पितळात काही वेगळं असेल का? माझी कानसच खोटी झाली का? मी कानस बदलली. पेटी पश्चिमेच्या खोलीतून पूर्वेच्या खोलीत नेली. अन्न गोड लागेना. बावीस गुलाबांना चार दिवस पाणी घालायचं राहिलं, ते कुमुदनंच घातलं असावं. बुवांचं ते दोन मिनिटं झाकणावर हात ठेवून उभं राहणं सारखं डोळ्यांसमोर येई आणि वाटे, या माणसाचा शेवटचा सप्ता आपण नासवणार.

"आपण बुवांना निरोप पाठवू," कुमुद अठराला म्हणाली. "सांगू, आम्हाला जमत नाही."

"आम्हाला म्हणजे कुणाला? भाता मारायला तुला जमत नाही का?"

ती गप्प बसली. तिचं हे गप्प बसणं त्या आठवड्यात फार वाढलं होतं.

एकोणीसला सकाळी मी षड्जापासून सुरुवात केली. पाच रीडा वर आणून झाल्या. राहिला पंचम. टोकाशी कानस लावली, जेमतेम एकदा ओढली आणि बोटाखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. बघतो तर पितळी जीभ बुडापासून सुटून माझ्या चिमटीत आली होती.

कुमुदचा हात भात्यावरच राहिला. मी ती जीभ तळहातावर घेऊन बसलो. करंगळीच्या नखाएवढी वस्तू, पण पॅरिसची. तिथं आता कुठूनही काही आणून बसवा, ते तसं वाजणार नव्हतं.

मग माझ्यातला कारागीर जागा झाला. भिंग आणलं, खिडकीशी गेलो. टोकाशी माझ्या कानशीच्या रेघा होत्या, तिरप्या, माझा हात जसा चालतो तशा. पण जीभ टोकाशी तुटलीच नव्हती. तुटली होती बुडाशी. आणि बुडाशी पितळ नव्या परातीसारखं लखलखत होतं. तिथं कुणीतरी घासलं होतं, एकदा नाही, अनेकदा, आणि रेघा सरळ होत्या.

"इथं मी हात लावलाच नाही," मी ओरडलो. "कुमुद, इथं मी हात लावलेला नाही! कुणीतरी आधी घासून ठेवलंय. म्हाताऱ्यानं कुणा शिकाऊ माणसाला पेटी दाखवली, त्यानं वाट लावली, आणि मग आणून माझ्या गळ्यात मारली."

"अहो, ऐका. मला बोलायचंय."

"आत्ता नको."

"आत्ताच बोलायचंय."

"आत्ता नको म्हटलं ना! उद्या त्यांना काय विचारायचं ते ठरवू दे मला."

त्या दिवशी मी जेवलो नाही. ती दोनदा दारात येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा मी हातानंच जा म्हणालो.

वीस तारखेला दहाच्या सुमाराला बुवा आले. धोतर धुतलेलं, कपाळाला बुक्का, चेहरा लग्नघरातल्यासारखा. आत खोलीत येऊन सतरंजीवर बसता बसताच म्हणाले, "लागली का आमची बाय?"

मी तुटलेली रीड कागदावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवली.

बुवांनी ती उचलली नाही. नुसती बघत राहिले. त्यांची मान जराशी हलायला लागली, म्हातारपणी हलते तशी.

"कोनता?" त्यांनी विचारलं.

"वरचा पंचम."

"आरं देवा."

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, "बुवा, खरं सांगा. माझ्याआधी ही कुणाकडे दिली होतीत?"

"कुनाकडं न्हाई."

"बुडाशी घासलेलं आहे. मी बुडाशी हात लावलेला नाही. ज्यानं घासलं त्याच्यामुळे तुटली. माझ्यापासून लपवायचं काय कारण होतं?"

"तारबाबू, पंचेचाळीस वर्सं ह्या पेटीचं झाकान म्या सोडून कुनी उगाडलं न्हाई. माज्या पोरास्नी हात लावू दिला न्हाई म्या."

"मग काय उंदरांनी घासली?"

माझा आवाज चढला होता. बुवांचा चेहरा उतरला आणि लाल झाला. कुणाच्या तरी दारात बसून, ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याकडून, या वयात हे ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली होती. तरी ते शांतपणे म्हणाले, "उगाडनारा आत लिवतो न्हवं? तुमचीच रीत हाय. मग कशाला भांडायचं? बगा की आत कुनाचं नाव हाय ते."

"रहिमानभाईंचं आणि माझं. बाकी कुणाचं नाही, मी पाहिलंय."

"परत बगा."

मी तावातावानं पेटी ओढली. वरचा भाग काढला. खिडकीकडे तोंड करून आत पाहिलं. रहिमानभाई, अठ्ठावन्न. भा. वि. काटकर, १४-८. आणि मग डाव्या कोपऱ्यात, जिथं भात्याची सावली पडते तिथं, बारीक अक्षरात, एकाखाली एक, पाच तारखा. १४-८. १५-८. १६-८. १७-८. १८-८. नाव नाही.

नावाची गरज नव्हती. तो मागे जरा शेपूट काढलेला आठ मी तीस वर्षं वाण्याच्या यादीत बघत होतो.

मी मान वर केली. कुमुद आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात माझी जुनी कानस होती, जी झिजली म्हणून मी कधीच टाकून दिली होती.

"बुवा, तो हात माझा आहे," ती म्हणाली. "यांनी सकाळी लावायचं आणि मी दुपारी. हे झोपले की मी स्वयंपाकघरात घेऊन बसायची. गुडघ्यानं भाता दाबायचा, एका हातानं पट्टी, एका हातानं कानस. वर चढवलेले सूर मी खाली आणायची. सकाळी हे पुन्हा वर न्यायचे. दोन्हीकडून घासत गेलो आम्ही. मला चौदालाच थांबायला हवं होतं. तुटली ती माझ्या बाजूनं तुटली."

"म्हणजे माझी लावलेली पेटी तू रोज बिघडवत होतीस?" मी म्हणालो.

"बिघडवत नव्हते."

"मग काय करत होतीस?"

"तुम्ही सूर वर नेऊन ठेवता. तीन वर्षं झाली. आपल्याकडे आलेली प्रत्येक पेटी मी दुपारी उतरवून ठेवते, मग गिऱ्हाईक घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी जाते म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. ही राहिली."

"मूर्खासारखं बोलू नकोस. मला ऐकू येत नाही असं म्हणायचंय तुला?"

"खालचं नीट येतं. वरचं पेटीशी वाकलात तरच, आणि तेही उतरलेलं. अहो, शिंजीर रोज सकाळी जास्वंदीवर येतो. तुम्ही पेपरात पत्र लिहिलंत त्या दिवशीही आला होता. तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते. देवळाच्या पेटीच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी. म्हटलं, षड्ज चढलाय वाटतं. तुम्ही कानस भिंतीवर फेकलीत. म्हणालात, तू मला सूर शिकवणार? दोन दिवस जेवला नाहीत."

ते मला आठवलं. भिंतीवरचा खड्डा अजून होता. भांडण आठवत होतं, कशावरून ते मी सोयीनं विसरलो होतो.

"आणि मग या तारखा कशाला लिहिल्यास? लपवायचं होतं ना?"

"उघडणाऱ्यानं लिहायचं असं तुम्हीच शिकवलंत मला," ती म्हणाली. "प्रत्येक पेटीत लिहिल्यात. कधीतरी तुमच्या नजरेला पडतील असं वाटायचं. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

एवढं ऐकून कुणीही खाली बघितलं असतं. मी बुवांकडे वळलो आणि म्हणालो, "बुवा, तुम्ही जाणकार आहात. तुम्हीच सांगा. कालच मी पाच सूर लावलेत, हिनं त्याला हात लावलेला नाही. वाजवून बघा आणि सांगा, कुणाचा कान खोटा."

बुवांनी पेटी पुढ्यात ओढली. डोळे मिटले. खालचा षड्ज आणि वरचा षड्ज एकदम दाबला. एकदाच. त्यांच्या कपाळावर आठी पडली, दाढेखाली खडा आल्यावर पडते तशी, आणि त्यांनी हात उचलला.

"चढलाय," ते म्हणाले. "लई चढलाय, तारबाबू."

"एक्याऐंशी वर्षांचा कान तुमचा," मी म्हणालो. हे मी म्हणालो. आज वीस वर्षांनीसुद्धा हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बुवा रागावले नाहीत. त्यांनी तुटलेली रीड कागदात बांधून खिशात ठेवली. मग कुमुदकडे बघून म्हणाले, "वयनी, उद्या सप्ता बसतोय. ती पंचमाची पट्टी टाळून वाजवीन म्या, बोटास्नी सांगीन. पन ह्ये बाकीचं पाच जाग्यावर आणून द्याल का? आत्ता? म्या भाता मारतो."

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांच्याकडं बगू नगा," बुवा म्हणाले. आणि मला म्हणाले, "तारबाबू, तुमी जरा ओटीवर बसा."

माझ्याच घरात, माझ्याच कामावरून मला उठवलं. मी ताडकन उठलो, ओटीवर गेलो आणि खुर्ची दाराकडे पाठ करून ओढून बसलो. आतून दार लोटलं गेलं.

मला वाटलं होतं, बरं झालं. आता बसू दे तिला. पाच रीडा लावणं म्हणजे पोळ्या लाटणं नव्हे. ती पहिली पट्टी दाबेल, सूर कुठं नेते ते मी इथूनच ऐकेन आणि चूक पकडून आत जाईन. तीन वर्षांच्या पेट्या मी लावल्यात की तिनं, त्याचा निकाल आजच लागेल. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव मी करू लागलो. चारही कान आत लावले होते.

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. समोरच्या घरात कुणीतरी धुणं आपटत होतं. एक रिक्षा थांबली आणि निघून गेली. हे सगळं मला नीट ऐकू येत होतं. आतून मात्र काही नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मनात म्हटलं, हिंमत होत नाहीये. बुवांच्या देखत कानस लावायची छाती पाहिजे. पंधरा मिनिटं झाली. दोघं बसले असतील गप्पा मारत, माझीच उणीदुणी काढत. अर्धा तास झाला तेव्हा माझा धीर सुटला. मला विजयाचा आनंद झाला होता, लपवत नाही. मी उठलो, दार ढकललं आणि मोठ्यानं म्हणालो, "काय, सुरुवात तरी करणार आहात का आज?"

कुमुद पेटीशेजारी जमिनीवर बसली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर पितळेचा पिवळा भुगा सांडला होता. पेटी मिटलेली होती आणि बुवा तिच्यावरून घेतलेल्या गोधडीची दुसरी गाठ बांधत होते.

बुवा वर न बघताच म्हणाले, "झालं की. पाचीच्या पाची जाग्यावर आलं. धा-धा येळा वाजवून बगितला एकेक. तुमी भायेरनं ऐकलंच आसंल. कसा लागलाय सांगा, तारबाबू. मनात काय ठेवू नगा."

मी भुग्याकडे पाहिलं. मग कुमुदकडे. ती घाबरून माझ्याकडे बघत होती, आता मी काय फेकतो म्हणून. चांगला लागलाय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. बुवांना कळलंही नसतं. तोंड उघडलं तेव्हा मी तेच म्हणणार होतो.

"मला काहीच ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

बुवांचे हात गाठीवर थांबले. कुमुदनं कानस खाली ठेवली, तोंडात पदर धरला आणि ती रडायला लागली. या एका वाक्याची तिनं तीन वर्षं वाट बघितली होती, आणि ते ऐकून तिला जराही सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.